पाण्याची लडी

कोर्टाची बातमी तीन ठिकाणी मिळते: सकाळी दाराजवळ लागणाऱ्या बोर्डावर, शिरस्तेदाराच्या टेबलावरच्या रोजनाम्यात आणि आवारातल्या चहाच्या टपरीवर. पहिल्या दोन ठिकाणची छापता येते. तिसऱ्या ठिकाणची ऐकून घ्यायची आणि पहिल्या दोन ठिकाणी तपासून बघायची. सोलापूरच्या एका दैनिकासाठी मी बत्तीस वर्षे हे काम केले.

बाहेरच्या माणसाला वाटते, कोर्टाचा बातमीदार म्हणजे रोज खून, दरोडे आणि गाजलेले निकाल. प्रत्यक्षात तो मागच्या बाकावर बसून बहुतेक वेळ तारखा ऐकतो. बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. रोजनामा म्हणजे त्या तारखेला प्रकरणात काय झाले त्याची दोन-चार ओळींची नोंद. बातमीदाराने प्रश्न विचारायचा नसतो, मान हलवायची नसते, कोणाच्या वकिलाच्या गाडीत बसायचे नसते. माझ्या पहिल्या संपादकांनी पहिल्या दिवशी एकच सूचना दिली होती. आपण पाहायला जातो, बाजू घ्यायला नाही.

माणसे मात्र आपल्याला सोडत नाहीत. मंगळवेढ्याचे एक गृहस्थ शेताच्या बांधाच्या दाव्यासाठी दर तारखेला एसटीने येत आणि परतीच्या गाडीआधी प्रेसमध्ये डोकावत. त्यांची मागणी एवढीच की बातमीत त्यांचे नाव आधी यावे, कारण ते वादी आहेत. खालच्या कोर्टात ते जिंकले, विरोधी पक्ष अपिलात गेला आणि यांचे नाव दुसरे आले. दावा हरल्यासारखा चेहरा करून ते प्रेसमधून गेले. टेंभुर्णीच्या एका बाईंनी घटस्फोट मंजूर झाल्यावर, लग्नाचा फोटो ज्या पानावर आला होता त्याच पानावर ही बातमी द्या, असे बजावले. दिली नाही. त्यांचे म्हणणे रास्त होते, असे आता वाटते.

अशा गोष्टींसाठी आमच्या पेपरात सहाव्या पानावर तळाला एक चौकट असे. चौकट मीच लिहीत असे. वाचकांना ती आवडायची, लोक दुकानात मोठ्याने वाचून दाखवायचे. पुढे जे सांगायचे आहे त्याची सुरुवात त्या चौकटीतून झाली आणि सुरुवात माझ्या बाजूने चांगली नव्हती.

पूर्व भागातल्या एका गल्लीत नऊ छोटी डाइंग होती. डाइंग म्हणजे सूत रंगवायचा कारखाना. कारखाना म्हणायचे, पण चार हौद, एक भट्टी, सूत वाळवायला बांबू आणि मागे विहीर, एवढेच. त्यांतले एक नरसय्याचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, हात कोपरापर्यंत कायमचे जांभळे. त्याच्यावर अंबादास नावाच्या टॉवेलवाल्याने दिवाणी दावा केला होता. लाल रंगाचा लॉट दिला, विटकरी परत आला, गिऱ्हाइकाने माल फिरवला, भरपाई द्या.

नरसय्या साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, चूक माझी नाही, पाण्याची आहे.

कोर्टात हसू फुटले. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी खुलासा मागितला. तेव्हा आम्हा सर्वांना रंगाऱ्यांची एक रीत कळली. पाणी बदलले की तोच रंग वेगळा उठतो. म्हणून लॉट हौदात टाकायच्या आधी पांढऱ्या सुताची एक छोटी लडी नुसत्या विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवतात. हिला ते पाण्याची लडी म्हणतात. वाळली की मधोमध कापायची. अर्धी रंगाऱ्याने ठेवायची, अर्धी लॉटला बांधून गिऱ्हाइकाकडे पाठवायची. पुढे शेडवरून, म्हणजे रंगाच्या छटेवरून, भांडण झालेच तर दोन्ही अर्ध्या शेजारी ठेवायच्या. कापलेली टोके जुळली पाहिजेत आणि रंगही.

अंबादासने आपल्याकडच्या दोन अर्ध्या हजर केल्या, एक आदल्या वर्षीच्या चांगल्या लॉटची आणि एक बिघडलेल्या लॉटची. नरसय्याने त्यांच्या जोड्या दिल्या. चारही तुकडे बिलांसह दाखल झाले, निशाणी क्रमांक पडला, पाकीट शिवले गेले आणि त्यावर लाखेचा शिक्का बसला. बिघडलेल्या लॉटची लडी पिवळट होती, हे न्यायाधीशांनी मान्य केले. मग विचारले, पाणी पिवळे दिसत होते तर लॉट टाकला का?

 नरसय्या म्हणाला, "सूतच जुनं असंल म्हटलं साहेब. त्या हिरीचं पाणी माज्या बापानं बी वापरलं. पाण्यावर कुनी संशय घेतो व्हय?"

या उत्तरावर तो दावा हरला. कारागिराने लक्षण दिसत असताना काम थांबवायला हवे होते, असा निकाल. निकाल चूक नव्हता.

माझी चौकट मात्र चूक होती. मथळा दिला: 'रंगारी म्हणतो, दोष पाण्याचा'. खाली सतरा ओळी, त्यांत चार विनोद. तथ्य एकही खोटे नव्हते. पण गल्लीतल्या कोणीतरी ते कात्रण नरसय्याच्या दाराला चिकटवले. लोक त्याला 'पाणीवाला' म्हणू लागले, नवे गिऱ्हाईक दारातून परत जाऊ लागले. हे मला नंतर कळले. बातमी छापल्यावर ती कोणाच्या दाराला लागते, हे पाहायची सोय आमच्या धंद्यात नाही.

त्या चौकटीत एक ओळ मी लिहिली नव्हती, कारण तेव्हा ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती. लॉट बिघडण्याआधी दोन महिने, गल्लीच्या वरच्या अंगाला असलेल्या माळावर कापडाच्या छपाईची एक मोठी कंपनी सुरू झाली होती.

सहा वर्षे गेली. गल्लीतल्या विहिरींना आधी वास आला, मग रंग. हातपंपाचे पाणी पिऊन माणसे आजारी पडू लागली. तक्रारी झाल्या, पाहणी झाली. कंपनीकडे सांडपाण्याचे शुद्धीकरण यंत्र होते, त्याचे कागद होते, दर्शनी भागात गुलाबाची बाग होती. गल्लीतल्या डाइंगकडे कागद नव्हते, रंगलेली गटारे होती. नऊही डाइंग बंद करण्याचा आदेश निघाला. भट्ट्या विझल्या.

रंगाऱ्यांनी कोर्टात धाव घेतली. त्यांच्या वकील सुनंदा बिराजदार. मूळच्या मैंदर्गीच्या, पक्षकाराशी मराठीत आणि फायलींशी कन्नडमध्ये बोलणाऱ्या. त्यांचे म्हणणे, पाणी कंपनीने बिघडवले. कंपनीने उत्तरादाखल एका खासगी प्रयोगशाळेचा अहवाल दाखल केला. कारखाना उभारण्यापूर्वी आम्ही आसपासच्या विहिरी तपासून घेतल्या होत्या, नरसय्याच्या विहिरीचे पाणी तेव्हाच रंगीत आणि दूषित होते, म्हणजे हे पाप गल्लीचेच, असा त्याचा अर्थ. अहवालावर सही, शिक्का, कारखान्याच्या आधीची तारीख, सर्व काही होते.

एका कागदावर सगळे प्रकरण अडले. कारखान्याआधी पाणी चांगले होते हे दाखवणारे काहीच रंगाऱ्यांकडे नव्हते. नरसय्याने घरातल्या जुन्या लड्यांचे गाठोडे आणून कोर्टात सोडले. कंपनीचे वकील सौम्य, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी एक लडी दोन बोटांत धरून विचारले, "ही काल घरी बसून केली नाही, हे आम्ही कशावरून समजायचे?"

नरसय्याने गाठोडे पुन्हा बांधले. बाहेर आल्यावर तो माझ्यासमोर थांबला. सहा वर्षांत आम्ही बोललो नव्हतो.

"लिवा आता," तो म्हणाला. "रंगाऱ्याची लडी बी खोटी. हसतील की लोकं."

मी काही लिहिले नाही.

पुढची घटना बोर्ड वाचायच्या सवयीमुळे घडली. मी रोज बोर्ड वाचून झाल्यावर शेजारचा सूचनाफलकही वाचत असे. त्यावर वारसदाखले, लिलाव, बदल्या असत. त्या शुक्रवारी लिलावाची नोटीस वाऱ्याने उलटली आणि खालची यादी दिसली. निकाल होऊन मुदत उलटलेल्या जुन्या दाव्यांचे कागद नष्ट करायचे आहेत, कोणाला हरकत असेल तर अर्ज करावा. शेवटचा दिवस सोमवार. दुसऱ्या पानावर एक ओळ होती: वादी अंबादास, प्रतिवादी नरसय्या.

चार तुकडे, लाखेचा शिक्का, कोर्टाचे स्वतःचे पाकीट. सहा वर्षे ते रेकॉर्ड रूममध्ये पडून होते. नरसय्याला त्यांचे काय झाले माहीत नव्हते. दावा हरलेला माणूस मागे वळून पाहत नाही. अंबादास विसरला होता. बिराजदार मॅडम तेव्हा त्या दाव्यात नव्हत्या. ते पाकीट बंद होताना पाहिलेला आणि ही यादी वाचलेला माणूस एकच होता, आणि त्याला बाजू घ्यायची मनाई होती.

मॅडम पंधरा पावलांवर चहा पीत होत्या. मी त्यांच्याकडे गेलो नाही. प्रेसमध्ये जाऊन संपादकांना सगळे सांगितले. हे संपादक माझ्याहून तरुण होते, मला मास्तर म्हणायचे. मी नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, जे तुम्हाला माहीत आहे ते वाचकांना का माहीत नाही?"

शनिवारच्या अंकात, त्याच सहाव्या पानावर, त्याच चौकटीत, सहा वर्षांपूर्वीची बातमी जशीच्या तशी छापली. चार विनोदांसह. खाली तीन वाक्ये जोडली. या दाव्यातील लड्या सीलबंद स्थितीत कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये असून सोमवारनंतर त्या नष्ट होणार आहेत. पहिला लॉट माळावरील कारखाना सुरू होण्यापूर्वीचा आणि दुसरा त्यानंतरचा आहे. ही बातमी त्या वेळी गमतीने दिली होती, तसे करण्यासारखे तिच्यात काही नव्हते.

सोमवारी कोर्ट उघडायच्या आधी नरसय्या रेकॉर्ड रूमच्या दाराशी उभा होता. हातात पेपर, अंगावर धुतलेला सदरा. त्याला पाकीट ताबडतोब ताब्यात हवे होते. बिराजदार मॅडमनी त्याला दारातून बाजूला घेतले. त्यांचे ते बोलणे मी ऐकले आणि इतक्या वर्षांत ऐकलेला तो सर्वांत नेमका कायदेशीर सल्ला होता.

"मामा, हात लावू नका. तुम्ही घेतली की ती तुमची लडी झाली. तिथंच राहिली तर ती कोर्टाची."

त्यांनी कागद परत मागितलेच नाहीत. नष्ट करण्यास हरकत घेतली आणि पाकीट सीलसह चालू प्रकरणात मागवावे, असा अर्ज दिला. दुपारी आदेश झाला.

पाकीट उघडले त्या दिवशी कोर्टात उभे राहायला जागा नव्हती. गल्ली आली होती, कंपनीचे अधिकारी आले होते. न्यायाधीशांनी शिक्का आधी दोन्ही वकिलांना दाखवला, शाबूत असल्याची नोंद घातली, मग सुतळी कापली. टेबलावर चार तुकडे मांडले गेले. दोन पांढरे. दोन, चहा सांडून वाळल्यासारखे. शिरस्तेदारांनी कापलेली टोके एकमेकांना लावली. जुळली.

कंपनीच्या वकिलांनी लगेच मुद्दा काढला, हे सगळे रंगाऱ्याने त्या जुन्या दाव्यासाठी सोयीने बनवले असेल. तेव्हा अंबादासला बोलावले. दाव्यानंतर तो आणि नरसय्या रस्ता बदलून चालत. वकिलांनी विचारले, या माणसाशी तुमचे संबंध कसे आहेत?

"संबंध कसले? त्यानं माजा लॉट घालवला."

"मग आज त्याच्या बाजूने कसे?"

"त्याच्या बाजूनं कोन हाय?" अंबादास म्हणाला. "मानूस लई ताठ. चुकला तरी चुकलो म्हनत न्हाय. पन लडी खरी हाय. ह्यातल्या दोन मीच दिल्या की, त्याच्याच विरुद्ध."

नरसय्या खाली बघत होता. मागून कोणीतरी हसले. या वेळी न्यायाधीशही हसले.

तुकडे सरकारी प्रयोगशाळेत गेले. पांढऱ्या लडीत साधे विहिरीचे क्षार मिळाले. पिवळ्या लडीत एक रसायन मिळाले, जे मोठ्या छपाईयंत्रांतच लागते, हौदात सूत बुडवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याचे नाव लांब आहे. आमच्या पेपरात ते दोनदा चुकीचे छापले गेले, म्हणून इथे देत नाही.

राहिला कंपनीचा अहवाल. पांढरी लडी आणि तो अहवाल, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नव्हते. अहवालावर सही करणारा प्रयोगशाळेचा माणूस उलटतपासणीला आला. बिराजदार मॅडमनी आवाज चढवला नाही. विहीर गोल की चौकोनी, पायऱ्या किती, दोर कोणाचा वापरला, एवढेच विचारत गेल्या. तो आठवत नाही म्हणत गेला. मग त्यांनी पांढरी लडी त्याच्यासमोर ठेवली आणि विचारले, "तुम्ही तपासलेलं पाणी यातून गेलं असतं तर ही अशी राहिली असती का?"

त्याने लडी उचलून पाहिली आणि परत ठेवली.   

"मी विहिरीवर गेलो नव्हतो," तो म्हणाला. "कारखाना सुरू झाल्यानंतर मला आकडे देण्यात आले. तारीखही."

कंपनीच्या वकिलांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून फाइलवर ठेवला. त्यानंतर त्यांनी त्या साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला नाही.

कोर्टाने नेमलेले कमिशनर माळावर गेले. शुद्धीकरण यंत्राकडे जाणाऱ्या नळाला जमिनीखालून एक फाटा होता. तो गुलाबाच्या वाफ्याखाली, एका सोडून दिलेल्या बोअरमध्ये उतरत होता. सांडपाणी यंत्रात न जाता सरळ जमिनीच्या पोटात जात होते आणि तिथून उताराने गल्लीच्या विहिरींत. त्या बागेला आदल्या वर्षी उत्कृष्ट बागेचे बक्षीस मिळाले होते. ती बातमी आमच्याच पेपरात तीन कॉलमांत होती. सुदैवाने माझी नव्हती.

निकाल लागला. नऊ डाइंगवरचा बंदीचा आदेश रद्द. बोअर बंद करायचा, विहिरी उपसून स्वच्छ होईपर्यंत खर्च कंपनीचा, तोवर गल्लीला पिण्याचे पाणी पुरवायची जबाबदारीही तिचीच. खोट्या अहवालाबद्दल फौजदारी कारवाई वेगळी. निकालपत्रात न्यायाधीशांनी पाण्याच्या लडीची रीत एका परिच्छेदात वर्णन केली आणि ती विश्वासार्ह असल्याचे लिहिले. कंपनी अपिलात गेली. तिथेही निकाल कायम राहिला.

ज्या दिवशी पहिला निकाल लागला त्या संध्याकाळी पहिल्या पानाचा मथळा ठरवायचा होता. डेस्कवर पाच-सहा सूचना आल्या. 'न्यायाचा विजय', 'कंपनीला दणका' अशा. मी जुन्या अंकांची बांधीव फाइल काढून डेस्कवर उघडी ठेवली. संपादकांनी वाचले आणि मान डोलावली.

सकाळी पहिल्या पानावर, आठ कॉलम, सर्वांत मोठ्या टायपात: 'रंगारी म्हणतो, दोष पाण्याचा'. शब्द तेच, क्रमही तोच. खालची बातमी विनोद सोडून लिहिली होती.

अकराच्या सुमारास नरसय्या प्रेसमध्ये आला. खिशातून एक पिवळे पडलेले कात्रण काढले. त्या वेळी दाराला चिकटवलेले, कोपऱ्यांत खळ लागलेले. ते त्याने फाडून टाकले नव्हते. त्याने ते त्या दिवशीच्या अंकाशेजारी ठेवले.

"काय फरक हाय ओ ह्यात?" त्याने विचारले.

"जागा," मी म्हणालो. "आणि त्या वेळी चुकलो होतो."

"तेवडं छापलं की तुमी." तो बसला, चहा घेतला. जाताना म्हणाला, "त्या अंबादासला एक अंक पाटवा. मी दिला तर घ्यायचा न्हाय."

विहिरी लगेच स्वच्छ झाल्या नाहीत. दोन पावसाळे उपसा चालू होता. तेवढ्या काळात एक म्हातारा रंगारी गेला आणि दोन डाइंग पुन्हा उघडलीच नाहीत, हे लिहिले पाहिजे. सात उघडली.

माझ्या निवृत्तीला काही महिने राहिले असताना नरसय्या पुन्हा आला. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने टेबलावर एक पुडी ठेवली. आत सुताचा बोटभर तुकडा होता. मी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. पांढरा होता. कुठेही छटा नव्हती.

"आज सकाळचं पानी," तो म्हणाला. "लाल टॉवेलचा लॉट हाय."

"कोणाचा?"

"कुनाचा म्हंजे? अंबादासचा." हे सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. "ह्या बारीला लडीचे तीन तुकडे केले. एक त्याला, एक मला, एक तुमाला."

मी विचारले, मला कशाला, मी काही सूत रंगवायला देत नाही.

"र्‍हाऊ द्या की," नरसय्या म्हणाला. "उद्या तुमी काय बी छापाल. मग तिगंजण बसून टोकं लावून बघू."

तो तुकडा आज हे लिहीत असताना टेबलावर आहे. पांढराच आहे.